पाच वाजताची चाल

चिगुसा कुरामोचीला रस्त्यात कुणी ओळखलं, तर ते एकाच गाण्यामुळे. ‘दुसऱ्या फलाटावर’ हे गाणं तिने विशी ओलांडता ओलांडता लिहिलं. शब्द तिचे, चाल तिची, आवाजही तिचाच. त्या वर्षी ते न्हाव्याच्या दुकानात वाजलं, लग्नांत वाजलं, आणि वर्ष सरताना टीव्हीवरच्या मोठ्या कार्यक्रमात तिला उसन्या किमोनोत उभं करून ते गाऊन घेतलं गेलं. नंतर तिने पुष्कळ लिहिलं. ती गाणीही काही वाईट नव्हती. लोक शांतपणे ऐकायचे, टाळ्या वाजवायचे, आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं, “फलाट! फलाट होऊ दे!”

हळूहळू सभागृहं लहान होत गेली. आता चाळिशी गाठल्यावर ती कॉफीच्या दुकानांत गिटार घेऊन गायची, पोरींच्या नाचगाण्याच्या ताफ्यांना गाणी लिहून द्यायची, खोकल्याच्या गोळ्यांच्या जाहिरातीला चाल लावून द्यायची, आणि रविवारी दुपारी तोक्योतल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर गप्पा मारायची. तिचं सगळं कामकाज बघणाऱ्या उसुईबाई मात्र पहिल्या दिवसापासून त्याच होत्या. साठी उलटलेल्या, अंगाने किडकिडीत, आणि सगळं बळ जिभेत साठवलेल्या.

मुलाखतीत प्रत्येक जण एकच विचारायचा, की ‘फलाट’ची चाल सुचली कशी. चिगुसाचं उत्तर ठरलेलं होतं. तेव्हा ती जेवणाचे डबे विकणाऱ्या एका दुकानात काम करायची. संध्याकाळी सायकलवरून तामा नदीचा पूल उतरताना ती चाल अख्खीच्या अख्खी आली, जणू कुणी वरून ओंजळीत टाकली. हे खरंच होतं. फक्त पुढचं ती सांगत नसे. पुढच्या कितीतरी वर्षांत, नवं काही सुचेनासं झालं की, ती गुपचूप सायकल काढून त्याच पुलावर जायची. पुलाने दुसऱ्यांदा काही दिलं नाही.

त्या रविवारी कार्यक्रमात गिटारची तार तुटली. मग चिगुसाने गप्पांच्या ओघात ‘फलाट’चं ध्रुवपद नुसतंच गुणगुणलं, शब्दांशिवाय. लगेच फोन आला.

“बोला, कोण बोलतंय?”

“मी हामुरो. ट्रक चालवतो. माल उतरवायच्या रांगेत अडकलोय, म्हटलं फोन लावून बघू. चिगुसासान, तुम्ही आत्ता नुसतं गुणगुणलात ना, एकदम गावाला गेल्यासारखं झालं बघा.”

“कुठलं हो गाव?”

“इवातोमी. तिकडे तोत्तोरीला, समुद्राकाठी. तुम्हाला कशाला माहीत असणार! रोज पाच वाजता गावभरच्या कर्ण्यांवर हीच चाल लागते. ती लागली की पोरांनी खेळ आवरून घरी जायचं.”

“अगं बाई! म्हणजे तुमच्या गावाने माझं गाणं लावलंय? मग कधीतरी खेकडे तरी पाठवा मला.”

“छे हो, तुमचं गाणं नंतरचं,” हामुरो हसत म्हणाला. “कर्णे बसले तेव्हा मी तिसरीत होतो. तेव्हापासून हीच चाल. तुम्हीसुद्धा तेव्हा तिसरीत नाहीतर चौथीतच असाल की.”

चिगुसाने काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे उसुईबाईंनी गळ्यावरून बोट फिरवलं, आणि खोकल्याच्या गोळ्यांची जाहिरात सुरू झाली.

कार्यक्रम आटोपल्यावर दोघी कोपऱ्यावरच्या सोबाच्या दुकानात बसल्या. उसुईबाईंनी शेवया भुरकायला सुरुवात केली. चिगुसाने काड्या हातातच धरल्या होत्या.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी,” उसुईबाई म्हणाल्या. “एक ट्रकवाला काहीतरी बोलला. आता तू त्या गावी जाणार, घरोघर विचारत सुटणार, आणि उद्या पेपरात येणार, कुरामोचीची चाल उचललेली.”

“पण असली तर?”

“काय असली तर?”

“उचललेली असली, तर कळायला नको मला? मी त्या गावाचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं, उसुईसान. मग चाल माझ्याकडे आली कशी? आयुष्यात एकदाच माझ्या हातून असं काही झालं. ते कसं झालं हे मी इतकी वर्षं त्या पुलाला विचारतेय. कदाचित चुकीच्या माणसाला विचारत होते.”

“पूल म्हणजे माणूस नव्हे.”

“तेच तर म्हणतेय मी!”

उसुईबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर घबराट असेल अशी त्यांची अपेक्षा होती. घबराट होतीही, पण बंद खोलीतून कुणाचं तरी बोलणं ऐकू आलेल्या माणसासारखी तिची मान जराशी कलली होती. असं तिचं तोंड उसुईबाईंनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

“शेवया गार होतायत,” त्या एवढंच म्हणाल्या.

चिगुसा बुधवारी निघाली. तोत्तोरीपर्यंत गाडी, पुढे बस. इवातोमी म्हणजे एक धक्का, खेकड्यांच्या होड्या, उतारावरची काळ्या कौलांची घरं आणि वाळूत लावलेले लोणच्याचे बारके कांदे. तोंडाला मास्क लावून ती धक्क्याजवळच्या बाकावर बसली. समोरच्या खांबावर चार दिशांना तोंडं केलेले चार कर्णे होते. पाच वाजायला आले तशी ती बाकाच्या कडेवर सरकून बसली, पहिल्यांदा मंचावर जाण्याआधी बसली होती तशी.

कर्णे खरखरले आणि चाल सुरू झाली. घंटांसारख्या यंत्राच्या सुरांत, जरा बेसूर. पहिली ओळ तिचीच. दुसरीही. तिसऱ्या ओळीला तिचा श्वास आपोआप वर चढला, तिच्या गाण्यात तिथे आवाज उंच जातो म्हणून, आणि कर्ण्यातली चाल मात्र शांतपणे पायऱ्या उतरून खाली गेली. चढाची तयारी करावी आणि पायाखाली उतार यावा, तशी ती बाकावर अडखळली. मग चौथी ओळ, पुन्हा तिचीच. समोरच्या टेकडीवरच्या कर्ण्यांतून सगळं क्षणभर उशिरा परत ऐकू आलं. कुणी मान वर केली नाही. दोन पोरींनी दोरीच्या उड्या थांबवून दोरी गुंडाळली आणि त्या घरी गेल्या.

मासळीच्या दुकानात एक बाई बर्फ उपसत होती. चिगुसाने तिला विचारलं, “ही चाल कुणी बसवली हो?”

“ही होय? कागेयामाबाईंनी. शाळेत गाणं शिकवायच्या. त्या निळ्या फाटकाच्या घरात राहतात. पण आत्ता जाऊ नका, त्या कांदे सोलतायत. गेलात की तुम्हालाही बसवतील.”

तसंच झालं. कागेयामाबाई अंगणात परातीसमोर बसल्या होत्या. त्यांनी चिगुसाकडे एकदा बघितलं आणि दुसरी सुरी पुढे सरकवली.

“बसा. हात रिकामे ठेवू नका.”

“मी तोक्योहून आलेय. मला जरा विचारायचं...”

“कळलं. मास्क लावला म्हणून डोळे बदलतात होय? वीस वर्षं वाट बघतेय मी तुमची.”

“माझी? कशाला?”

“माझी चाल ढापलीत म्हणून! पहिल्यांदा तुमचं गाणं लागलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडले, चोर, चोर! आमचे हे काठी घेऊन परसात धावले. बिचाऱ्यांना दम लागला.”

चिगुसाच्या हातातला कांदा तसाच राहिला. “मग तुम्ही काही केलं का नाही? कुणाला कळवायचंत. मलाच कळवायचंत.”

“कळवणार होते. मग रात्रभर विचार केला. चाल माझी तरी कुठे होती? चोराच्या घरी चोरी झाली तर त्याने तक्रार कुठे करायची?” कागेयामाबाई खो खो हसल्या. “गावात बाकीच्यांना वाटलं, ही पोरगी लहानपणी सुट्टीला कधीतरी इथे येऊन गेली असेल. कुणाला वाईट वाटलं नाही. उलट म्हणायचे, आपलं पाच वाजताचं टीव्हीवर लागलंय.”

“मी नाही आले कधी. खरंच.”

“मग फुगेवाला तुमच्याकडे येत असणार.”

“फुगेवाला?”

“फुगेवाला आपलं पोरांनी ठेवलेलं नाव. होता तो औषधवाला, तोयामाचा. वर्षातून दोनदा यायचा. फुगा हातात देताना तो ही चाल गायचा, आणि मग वर्गात पोरं दिवसभर तेच गुणगुणायची. मी मारे पियानो बडवतेय आणि ह्यांचं आपलं ते. कर्णे बसले तेव्हा कचेरीतले लोक मोठमोठ्या परदेशी चाली घेऊन आले. म्हटलं, घरी पोरांना पाठवायचंय ना? मग पोरांची चाल लावा.” त्यांनी सुरी रोखली. “पण एक सांगते, रागावू नका. तुमची तिसरी ओळ चुकलीय.”

“वर जाते.”

“खाली यायला हवी.”

“का?”

“आता का ते मला काय ठाऊक! आमची खाली येते.”

औषधवाला म्हटल्याबरोबर चिगुसाच्या नाकात एक कडवट वास दरवळून गेला होता. तोत्तोरीला लागूनच असलेल्या ओकायामाच्या डोंगरातलं तिचं लहानपणीचं गाव, ओकुताने. घराचा ओटा, त्यावर सोडलेली निळी गाठोडी, आजीने आतून आणलेली औषधांची लाल पेटी. पेटीतलं जे संपलं असेल ते तो माणूस भरायचा. आणि पातळ कागदाचा घडी केलेला फुगा. फुंकर मारली की करकर वाजत चौकोनी होणारा. चेहरा मात्र काही केल्या आठवेना. आवाजही नाही.

बस यायला वेळ होता. थांब्यावरून तिने आईला फोन लावला. आईचं गावात केस कापायचं दुकान होतं; मागे पंख्याचा आवाज येत होता.

“आई, लहानपणी आपल्याकडे औषधवाले काका यायचे?”

“मिझोबुचीसान ना? न यायला काय झालं! उंच, पुढचा एक दात सोन्याचा. पोटदुखीची गोळी तुला इतकी आवडायची, की पोट दुखत नसतानाही लोळण घ्यायचीस. का गं, गेले का ते?”

“नाही, म्हणजे मला माहीत नाही. ते काही गायचे का?”

“गायचे की. फुगा देताना. तू आणि दादा त्या फुग्यावरून मांजरांसारखे भांडायचात.” आईने कुणाला तरी मान सरळ ठेवायला सांगितलं. “त्यांच्याच दुकानाचा माणूस अजून येतो, गाडीतून. हल्ली गात बित नाही कुणी. त्याला विचारू का, कुठे असतात ते?”

“विचार. आई, आणखी एक. माझं ‘फलाट’ ऐकलंस तेव्हा तुला कधी वाटलं नाही, की ही त्यांची चाल?”

पलीकडे कात्री थांबली. “कुठली?” आई म्हणाली. मग तिने स्वतःशीच गुणगुणून बघितलं, आणि तिसऱ्या ओळीशी अडली. “अगो बाई. इतकी वर्षं! मला नेहमी वाटायचं, पोरीचं गाणं किती ओळखीचं वाटतं. म्हटलं, आपलीच पोर, वाटणारच.”

मिझोबुची हयात होते. तोयामाला, मिझुहाशी भागात, बायकोबरोबर राहत होते. दहाएक दिवसांनी चिगुसा तिकडे गेली, आणि या खेपेला उसुईबाई बरोबर गेल्या. “तू तिथे भावनेच्या भरात घरदार लिहून देशील,” असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हातारा ऐंशी ओलांडलेला, पण उंची तशीच. सोन्याचा दात जाऊन तिथे कवळी आली होती. कानात यंत्र होतं. त्याच्या बायकोने ट्राउटच्या सुशीचा गोल डबा मधोमध ठेवला आणि ती दाराशी बसली, कान टवकारून.

“ओकुताने,” मिझोबुची डोळे बारीक करून म्हणाले. “खिंड उतरलं की केस कापायचं दुकान. दोन पोरं. थोरला आडदांड. धाकटी गोळ्या चोखून खायची. कडू गोळ्या! असं पोर मी दुसरं पाहिलं नाही.”

“ती मीच.”

“वा! वा! मग दुखतंय का पोट अजून?”

चिगुसा हसली. तिने सगळं सांगितलं. ट्रकवाला, कर्णे, कागेयामाबाई. शेवटी म्हणाली, “काका, ते गाणं माझं म्हणून सगळीकडे लागलं. चाल तुमची होती. मला खरंच माहीत नव्हतं.”

“मला होतं,” मिझोबुची म्हणाले.

उसुईबाईंच्या काड्यांतून सुशी निसटली.

“न्हाव्याकडे बसलो होतो, तेव्हा लागलं. घरी येऊन हिला म्हटलं, अगं, रेडिओवर माझं गाणं लागलं.”

“आणि मी म्हटलं,” दाराशी बसलेली बायको म्हणाली, “हो, आणि तो चंद्रही तुमचाच.”

“मग मी गप्प बसलो. पण माझ्या घरांपैकीच कुणाचं तरी पोर मोठं झालं एवढं कळलं. कुठल्या घरचं ते काही कळेना. तोवर फिरती सुटली होती ना माझी.”

“तुम्हाला ती सुचली कशी?” चिगुसाने विचारलं. वीस वर्षं लोकांनी तिला विचारलेला हा प्रश्न, आणि आपणही तो किती आतुरतेने विचारतोय हे तिच्या लक्षात आलं.

“मोटरसायकलवर. खिंडीतली वळणं, दुपारचं ऊन, पोटात भात. डुलकी लागू नये म्हणून गायचो. आधी त्यात औषधांची नावं होती. पोटाची, दाताची, पडशाची. मग पोरांसाठी नुसती चाल ठेवली. पण ती अगदी माझीच का, हे शपथेवर नाही सांगायचो बुवा. माझ्याआधी त्या वाटेने माझे सासरे फिरायचे. तेही काहीतरी गुणगुणायचे.”

“काय गुणगुणायचे?”

“कुणाला माहीत! सासऱ्याचं कोण मन लावून ऐकतं?”

“बाबांचं वेगळं होतं,” बायको म्हणाली. “ते चारचौघांत म्हणण्यासारखं नव्हतं.”

म्हातारा जरा पुढे सरकला. त्यालाही काहीतरी विचारायचं होतं, आणि ते बरीच वर्षं मनात धरलेलं असावं. “आता तुम्ही सांगा. तिसऱ्या ओळीत तुम्ही वर का गेलात?”

“कागेयामाबाई म्हणतात, ते चुकलंय.”

“चूक-बरोबर मी नाही म्हणत. मी विचारतोय, का गेलात?”

“ते मलाही माहीत नाही,” चिगुसा म्हणाली. म्हातारा उठला, कपाट उघडून एक घडी केलेला फुगा घेऊन आला. लाल, पिवळा, निळा. फुंकर मारली, कागद करकरला. त्याने तो तळहाताने छताकडे उडवला आणि फाटक्या आवाजात गायला लागला. पहिल्या ओळीला फुगा चढला, दुसरीला छताखाली रेंगाळला, तिसरी खाली उतरली तसा तोही तरंगत खाली आला, आणि चौथी संपता संपता अलगद त्याच्या हातावर टेकला.

“आलं लक्षात? फुगा पडतो, म्हणून ओळ पडते. ज्या पोराच्या हातावर तो शेवटच्या सुराला टेकेल, फुगा त्याचा.”

“आता तुमचं,” म्हातारी म्हणाली.

चिगुसाने फुगा उडवला आणि आपलं ध्रुवपद गायलं. तिसऱ्या ओळीला आवाज वर निघाला आणि फुगा खाली यायला लागला. गाणं आणि फुगा यांची काही गाठ पडेना. “मेळ नाही,” म्हातारा म्हणाला. “पुन्हा.” दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा फुगा उसुईबाईंच्या डोक्यावरून खाली उतरत होता. त्यांनी, नको त्या वेळी नको ते करण्याची त्यांची सवय म्हणून म्हणा, त्याला खालून एक चापट मारली. फुगा पुन्हा वर गेला, बरोबर तिच्या आवाजाबरोबर. आणि चौथ्या ओळीला खाली आला.

चिगुसा गाता गाता थांबली.

“दादा,” ती म्हणाली.

“कोण दादा?”

“माझा भाऊ. तो उंच होता ना! फुगा खाली आला की त्याच्याच हातात जायचा. मी बुटकी. म्हणून खाली यायच्या आधीच मी उडी मारून पुन्हा चापट मारायचे. पडूच द्यायची नाही.” तिला ओट्यावरच्या लाकडाचा पायाला होणारा स्पर्शसुद्धा आठवला, आणि दादाचं ओरडणं, की ही लबाडी आहे, काका, ही लबाडी करते. “आणि तुम्ही गाणं लांबवायचात, काका. मी चापट मारली की तुम्ही वरचा सूर लावायचात. माझ्यासाठी.”

“मी?” मिझोबुची बघतच राहिले. “असेल. पोरं जसं खेळतील तसं गायचो मी. आठवत नाही.”

म्हणजे ती चढणारी ओळ तरी नक्की कुणाची, हेही काही ठरलं नाही. लबाडी तिची, सूर त्यांचा. गंमत अशी, की चिगुसाला त्याचं वाईट वाटलं नाही. पुलावर त्या संध्याकाळी चाल वरून पडली नव्हती. ती आतून, फार खोलवरून, लहानपणीच्या एका भांडणातून वर आली होती. आणि असं भांडण काही एकाच घरात झालं नव्हतं.

गाण्यावर मिझोबुचींचं नाव घालायचं ठरलं. म्हातारा आधी नको नको म्हणत होता, या वयात नाव घेऊन काय करू म्हणून. बायकोने त्याला गप्प केलं. “घाला, घाला. यांचं नाव आजवर गाठोड्यावरच होतं.” उसुईबाईंनी उसासा टाकून रेकॉर्ड कंपनीत कळवलं, तिथल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि चिगुसाला त्यातलं निम्मंच सांगितलं.

पुढच्या रविवारी चिगुसाने सगळी हकीकत रेडिओवर सांगितली. पेपरात बातमी आलीच. काही म्हणाले, चोरी ती चोरीच. काही म्हणाले, किती मोठं मन. दोन आठवड्यांत एका नटाचा घटस्फोट जाहीर झाला आणि दोन्हीकडचे लोक तिकडे वळले. पण फोन मात्र येत राहिले. मिझोबुची ज्या वाटेने फिरले होते त्या वाटेवरच्या घरांचे. आमच्याकडे ते असं गायचे. नाही, आमच्याकडे तसं. कुणाची दुसरी ओळ लांब, कारण त्यांच्या घराचं छत उंच. कुणाकडे चाल दुप्पट वेगात, कारण त्यांच्याकडे कुत्रा होता आणि तो फुगा पळवायचा.

वसंतात चिगुसाने ती वाट धरली. उसुईबाई गाडी चालवायला, मिझोबुची शेजारी बसून रस्ता दाखवायला; निम्म्या वेळा तो चुकीचा. घरोघर चहा झाला, औषधांच्या पेट्या बाहेर निघाल्या, लोकांनी म्हाताऱ्याच्या दाताची चौकशी केली. चिगुसा विचारायची, ऐकायची, आणि संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत गिटार घेऊन बसायची. तिला गाणी सुचत होती. ‘फलाट’सारखी ती गाजणार नव्हती, हे उसुईबाईंनी पहिल्या दोन ओळींतच ओळखलं, आणि तसं तोंडावर सांगितलंही. पण बऱ्याच वर्षांनी ती लिहिताना हसत होती, हेही त्यांनी पाहिलं. ते मात्र सांगितलं नाही.

खिंडीच्या अलीकडच्या एका वस्तीत हात्सुए नावाची पन्नाशीची बाई तोफूचं दुकान चालवायची. तिने हात पुसत पुसत चाल म्हणून दाखवली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी खाली उतरणारी, चौथी. आणि मग थांबली नाही. पुढे आणखी एक छोटी ओळ म्हणाली, अर्धवट, वाकडी, शेवटी प्रश्न विचारल्यासारखी.

“हे काय?” मिझोबुची ताडकन म्हणाले. “हे माझं नाही. माझं चौथीला संपतं.”

“माहीत आहे. हे माझं आहे.”

“माझ्या चालीला शेपूट लावलंत तुम्ही?”

“मग काय करू? तुमचं गाणं संपलं की फुगा माझ्या ताईच्या हातावर टेकायचा. दर खेपेला. मी म्हटलं, गाणं अजून संपलेलंच नाही, तर फुगा तिचा कसा?”

मिझोबुची घुश्शात बाकावर जाऊन बसले. उसुईबाईंनी त्यांच्या हातात सोयादुधाचा पेला दिला.

चिगुसा काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून पुढे झुकली. “हात्सुएसान,” ती म्हणाली, “ती शेवटची ओळ पुन्हा एकदा म्हणाल? जरा सावकाश.”